चौथं नाव

श्राद्धाचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो. पितरांचं पान वाढून होईपर्यंत कढईतला थेंबही जिभेला लागता कामा नये. मीठ, गूळ, आमसूल, सगळं हाताच्या अंदाजानं. इंदिराकाकूंचा हा अंदाज पंचवटीत इतका नावाजलेला, की बाहेरगावचे यजमान आले की गुरुजी मंडळी आधी त्यांना फोन करत. निदान यशश्री येईपर्यंत तरी करत.

यशश्री काकूंच्या हाताखाली आली तेव्हा तिला धड गवार मोडता येत नव्हती. वडे, कढी, खीर, सगळं काकूंनी शिकवलं. मग एका पितृपक्षात वणीचे यजमान काकूंच्या देखत म्हणाले, "खिरीला मात्र गेल्या खेपेच्या ताईच असू द्या." त्यानंतर वर्षाच्या आत यशश्रीनं मागच्या गल्लीत स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हापासून काकू भाजीला लांबच्या वाटेनं जातात. तिच्या दारात आज चपला किती होत्या, हे त्यांना तरीही कळतंच.

निकिता आली ती अशात. यात्रेकरूंसाठी घरच्या घरी रांधणाऱ्या बायकांवर ती पीएच.डी. करत होती. अशा बायकांच्या दारावर पाटी नसते, कुठल्या कचेरीत त्यांची नोंद नसते. एका गुरुजींनी तिला काकूंचं घर दाखवलं. दोन दुपारी काकू मनसोक्त बोलल्या आणि निकितानं ते फोनवर रेकॉर्ड केलं.

"काकू, आता तुम्ही तिघींची नावं द्यायची. त्या पुढच्या तिघींची देतील. बर्फाचा गोळा उतारावरून घरंगळताना मोठा होत जातो ना, तसं. स्नोबॉल म्हणतात याला."

"आमच्याकडे बर्फाच्या गोळ्यावर सरबत ओतून खातात," काकू म्हणाल्या. "पण कळलं. म्हणजे सगळं माझ्यापासून सुरू होणार."

"हो. तुम्ही पहिल्या."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी मनीषा, प्रतिभा आणि पल्लवी अशी नावं दिली. मनीषाचे वडे दाताला लागतात, प्रतिभा अजून काकूंना फोन करून मीठ विचारते आणि पल्लवी पोळ्यांपलीकडे गेलेली नाही.

"यशश्री राहिली वाटतं," निकिता गेल्यावर काकूंचे पती वेणीमाधवगुरुजी आतून म्हणाले.

"अहो, तुम्ही तुमचे दर्भ मोजा."

संध्याकाळी काकूंनी तिघींना फोन केले. "मुलगी चांगली आहे गं. पण नावं देताना आपल्या आपल्यातलीच द्या. गावभर कशाला?" काकूंकडचं जास्तीचं काम तिघींकडे जायचं. कशाला कोण मोडता घालेल?

पंधरवड्यानं निकिता पडलेल्या चेहऱ्यानं परत आली. "काकू, मनीषाताई प्रतिभाताईंचं नाव देतात, त्या पल्लवीताईंचं देतात आणि पल्लवीताई तुमचं. पुढे सरकतच नाही. माझ्या गाइड मॅडम म्हणतात, नाशकात एवढ्याच बायका असतील तर दुसरं गाव बघ."

"आणि मी बोलले ते?"

"ते मग घेता येणार नाही, काकू."

काकू उठल्या. ओट्यावरचं स्वच्छ भांडं त्यांनी पुन्हा विसळलं. नाव गिळलं तर आपण पुसले जाणार. दिलं तर तीही निकिताच्या त्याच पुस्तकात, आपल्या शेजारी. बराच वेळ नळ वाहत होता.

"मागच्या गल्लीत एक आहे," पाठ न वळवता त्या म्हणाल्या. "यशश्री. माझ्या हाताखाली होती. स्वयंपाक... बरा करते. पण मी सांगितलं म्हणू नकोस."

"कुणी कुणाचं नाव दिलं, हे आम्ही कुणालाच सांगत नाही."

आणि गोळा सुटला. यशश्रीच्या ओळखी नाशिकरोडपर्यंत निघाल्या. निकिता आता गल्लीतून जाताना स्कूटरवरूनच हात करायची. एकदा काकूंनी तिला अडवलं.

"तिनं माझं नाव घेतलं का गं?"

"काकू, ते सांगता येत नाही."

"अगं, हो की नाही, एवढंच."

निकिता नुसती हसली. ते हसू हो म्हणणारं होतं की कीव करणारं, यावर काकूंचे बरेच दिवस गेले. गुरुजी वैतागले. "तिलाच विचार की!"

"मी? तिला?"

शेवटी वाण्याच्या दुकानात काकू आमसुलं निवडत असताना यशश्रीच शेजारी येऊन उभी राहिली.

"काकू, त्या निकिताला माझं नाव मनीषाताईंनी दिलं असणार, नाही? आत्ताच त्यांना खीर देऊन आले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. डबा मात्र ठेवून घेतला."

काकूंचं तोंड उघडलं. मी दिलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग वणीच्या यजमानांचं म्हणणं खरं होतं, हेही त्याच वाक्यात म्हटल्यासारखं झालं असतं.

"मनीषाच असेल," त्या म्हणाल्या. "तिला काय, ती कुणाचंही नाव देते."

यशश्री मान हलवून पुढे गेली. तिची पाठ वळताच काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि मनीषाला फोन लावला.

"खीर संपवलीस का गं सगळी? ... थोडी राहू दे. येतेय मी."