विद्याची नवी मैत्रीण आणि बोरीचे तीन दिवस

या ब्लॉगवर मी प्रवासाची कारणं सहसा शोभतील अशी देते. बोरीला मात्र मी निव्वळ हेव्यापोटी गेले.

विद्या आणि मी संभाजीनगरला चित्रकला एकत्र शिकलो. मी इथेच राहून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले, ती जिंतूर तालुक्यातल्या बोरीत चित्रकलेची शिक्षिका झाली. पंधरा वर्षं दर रविवारी आमचा फोन, आणि विषय एकच, चित्रं. पण वर्षभरापूर्वी तिच्या बोलण्यात सुमनताई यायला लागल्या. शेजारी राहतात, गोधड्या शिवतात. "सुमनताई म्हणतात, काळ्याशेजारी ठेवला की पिवळा जागा होतो." मग एका रविवारी तिने सहज सांगितलं, की ती पुन्हा चित्रं काढायला लागलीय. तिने ब्रश खाली ठेवल्यापासून आठ वर्षं मी तिच्या मागे लागले होते. मी तिचं अभिनंदन केलं आणि लगेच तिकीट काढलं.

शुक्रवारी सकाळची गाडी धरली की दुपारी परभणी येतं. स्टेशनबाहेरून बसस्टँडला रिक्षा, तिथून जिंतूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. झरी मागे पडलं की दोन्ही बाजूंना तुरीची रानं लागतात; थंडीत गेलात तर शेंगा भरलेल्या असतात. तासाभरात बोरी. मुक्कामाला ओळखीचं घर नसेल तर परभणीतच राहावं आणि दिवसा येऊन जावं.

विद्या फाट्यावर घ्यायला येईल असं वाटलं होतं. आली नाही. घरी पोचले तर अंगणात दोघी एका गोधडीभोवती बसलेल्या.

"अगं, आलीस? बस जरा," विद्या म्हणाली आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली. "हिरवा इथं नको ना?"

"तिथं नगं. गुदमरायलाय त्यो," सुमनताई म्हणाल्या.

"मग खाली?"

"खाली बघा."

एवढंच बोलणं, आणि दोघींना सगळं कळत होतं. असं अर्धं अर्धं बोलून समजणं पूर्वी आमचं होतं. मी चपला हातात घेऊन तशीच उभी राहिले.

सुमनताई पन्नाशीच्या. पिंगळीला दिलेल्या लेकीला मुलगा झाला होता, सोमवारी बारसं होतं, आणि ही गोधडी त्यासाठी होती. मधोमध जुन्या लुगड्याचा तांबडा चौकोन, भोवती निळ्या-करड्या चिंध्यांच्या ओळी. पाहताक्षणी मला कळलं की हे माझ्या कुठल्याही चित्रापेक्षा चांगलं आहे.

रात्री तिघींना जेवायला येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, भाकरी, आणि पातेलंभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. सुमनताईंनी शेंगा सोलता सोलता विचारलं, "तुमी तर शहरात चित्रं काढता बाई. तुमाला कशी वाटली वाकळ?"

"छान आहे," मी म्हणाले. "फक्त ते तांबडं फार जड होतंय. मधोमध डोळ्यात खुपतं."

विद्याने माझ्याकडे पाहिलं. सुमनताईंनी नुसती मान हलवली.

शनिवारी सकाळी विद्या शाळेत गेली. मी अंगणात आले तर सुमनताई ओट्यावर बसून तांबडा चौकोन उसवत होत्या. तीन बाजू सुटल्या होत्या. शेजारी दोऱ्यांचा पुंजका.

"काय करताय हे?"

"जड व्हायलाय म्हन्लात ना. रातभर तेच डोक्यात. शिकलेलं मानूस उगं बोलंल का?"

मी त्यांचा हात धरला. "नाही हो. ते तांबडं अगदी बरोबर होतं. मी खोटं बोलले."

"का?"

"तुमचा हेवा वाटला म्हणून."

त्यांनी चौकोनाची सुटलेली कड उचलून मला दाखवली. मग म्हणाल्या, "आन् इतकं उसवल्यावर सांगायलाव?" त्यांनी सुई पुढे केली. "बसा. टाके तुमीच घाला."

दुपारपर्यंत मी शिवत होते. दोनदा त्यांनी माझे टाके उसवायला लावले. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता," आणि उरलेल्या दोन बाजू स्वतः शिवल्या. माझी बाजू सांगितल्याशिवायही ओळखू येत होती.

विद्याला मी संध्याकाळी आपणहून सांगितलं. त्यावर ती रविवारी फाट्यावर एसटीची वाट बघताना बोलली.

"तुला कळतं का, मी परत चित्रं का काढायला लागले? मी काढत होते तोवर तू माझ्या प्रत्येक चित्राला छान म्हणालीस. सुमनताईंनी माझं जुनं चित्र बघून पहिल्याच दिवशी विचारलं, यात तुमी कुठं हाव? ते शोधायलाच मी परत बसले. पंधरा वर्षांत तू एकच खोट काढलीस, आणि तीही त्यांच्या कामात. खोटी."

एसटी आली. तिने माझी पिशवी वर दिली, पण हात हलवला नाही.

घरी येऊन आठवडा झाल्यावर तिने नव्या चित्राचा फोटो पाठवला. शाळेमागचा लिंब. सोबत एक अक्षरही नाही. मी नेहमीसारखं "सुंदर" लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं की झाड नीट आहे, पण सावली तू न बघता काढलीस, आणि उजवा कोपरा घाबरून रिकामा सोडलायस. एका दमात पाठवून टाकलं.

दोन दिवसांनी, बुधवारी, भर दुपारी, तिचा फोन आला आणि आम्ही त्या कोपऱ्यावरून तासभर भांडलो. मजा आली.

न राहवून मी विचारलंच, "सुमनताई काय म्हणाल्या?"

"त्यांना अजून दाखवलं नाही."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ हसत होते. ते हसू काही फार चांगल्या मनाचं नव्हतं.