आण्णांनी न सांगितलेली गोष्ट

"तुमाला म्हनून सांगतो, गुरुजी," असं म्हणत आण्णा खुर्ची पुढे ओढायचे, तेव्हा ती गोष्ट निम्म्या बेलापूरला आधीच कळलेली असायची. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची सोयरीक फिसकटली, सगळ्या बातम्या त्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानातून निघायच्या. मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहणारा मास्तर. माझं लग्न ठरलं तेही शाळेला माझ्याआधी त्यांनीच सांगितलं.

असा हा माणूस महिन्यातल्या एका शनिवारी मुका व्हायचा. अंगात काळा कोट, कानात अत्तराचा फाया, हातात कुलूपबंद छोटी बॅग. बॅगेची किल्ली करगोट्याला. मोबाईल बंद करून नगरची एसटी धरायचे. कुठे चाललात, असं विचारलं तर "काम हाय" एवढंच. रात्री यायचे ते बाहेरून जेवून.

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, याचा अर्थ केव्हाच लावला होता. "बाई हाय नगरला," मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या. "पोरांची लग्नं झाली. आता भांडून काय करू?" डोळे मात्र भरून आले होते. त्या दिवशी मला आण्णांचा फार राग आला.

पुढे एका शनिवारी मी शाळेच्या कामाने नगरला गेलो होतो. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात साक्षात आण्णा! कमरेला पांढराशुभ्र ॲप्रन, हातात पांढरे मोजे. तशाच वेषातली आणखी काही वयस्क माणसं, त्यांत एक सरदारजी. एकमेकांना 'बंधू' म्हणत होती. आण्णांनी मला पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सगळे आत गेले, दार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गाठलं. "बंधूंची मंडळी हाय. वाईट कायबी न्हाई तिथं," ते पोत्यांकडे बघत म्हणाले. "पन भाईर बोलायचं न्हाई, शब्द दिलाय."

"काकूंना वाटतं, तुमची बाई आहे."

आण्णा ठसका लागेपर्यंत हसले. "मला? ह्या वयात?" मग हसू पुसून त्यांनी पोत्याची सुतळी आवळली. म्हणाले, "वाटू द्या."

मी घरी येऊन मोबाईलवर 'बंधू, पांढरा ॲप्रन' असं शोधलं, तर जगभर शाखा असलेली एक जुनी गुप्त संघटना निघाली. कुणी म्हणे, असल्या मंडळ्या दानधर्म करतात. कुणी म्हणे, सैतान पुजतात. युरियाचं पोतं उधार देताना देवाची शपथ घालणारे आमचे आण्णा यांतल्या कशातच बसेनात. पण मी कुणाला शब्द दिला नव्हता. मी काकूंना सगळं सांगितलं.

"ॲप्रन?" काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "घरात पान्याचा तांब्या उचलला न्हाई ह्यांनी कधी! तुमी बी ह्यांच्याच बाजूचे झाले व्हय, गुरुजी?"

 मी चपला घालून घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात आण्णा दुकानातच बसल्या जागी गेले. अंगणात तिरडी बांधून झाली तेव्हा नगरहून एक गाडी आली. काळ्या कोटातली सात-आठ माणसं उतरली. कुणाशी न बोलता प्रत्येकाने बाभळीची एकेक डहाळी आण्णांच्या छातीवर ठेवली. त्यांची निरोपाची रीत असावी, पण मयताच्या अंगावर काटे! गावात कुजबुज सुरू झाली. सरदारजींनी काकूंपुढे हात जोडले, "हमारे भाई थे," म्हणाले आणि रडू लागले. 

तेरावं झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. पुढ्यात बॅग उघडी होती. त्यांनी ॲप्रन मांडीवर घेतला, इस्त्रीच्या घडीवरून हात फिरवला.

"हा मी कधी धुतला न्हाई," त्या म्हणाल्या. "सोताच धूत असतील."

"काकू, बाई नव्हती. आता तरी पटलं ना?" माझ्या आवाजात उगाच आनंद होता.

"पटलं की." त्यांनी ॲप्रनची घडी मोडली, पुन्हा घातली. "साऱ्या गावाला 'तुमाला म्हनून सांगतो' म्हनत हिंडले. मला एकदा म्हनायचं हुतं, गुरुजी. मी कुनाला सांगितलं असतं?"