डाव्या कुशीवर

“मी काय आजारी हाय का?” मी पडवीत पिशवी टेकवायच्या आत हा प्रश्न अंगावर यायचा. विचारणारी खाटेवर आडवी, आणि आवाज मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईचा.

मी गावची आशा सेविका. एका जागी पाय ठरत नाही अशी एखादी तुमच्याही गावात असेल. आमची ही कशेळ्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन जायची आणि जीप भरायची वाट न बघता चालत परत यायची. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी सहाव्या महिन्यातच बीपी चढलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कामं बंद केली, डाव्या कुशीवर पडून राहा म्हणाले. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

ती मला जेलरबाई म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं. सगळं गाव भातलावणीला गेलेलं, म्हातारी सासू चिखलात वाकलेली, आणि ही पडवीत वासे मोजत पडलेली. येताजाता एखादी विचारायची, “अजून झोपलीयस का गं?” मग ती भिंतीकडे तोंड करायची. तेवढा वेळ मलाही तिच्याकडे बघवत नसे.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी जेवणानंतर बाळाची हालचाल मोजायला सांगितली. मी तिला दहा वाल दिले. बाळ हललं की एक वाल या वाटीतून त्या वाटीत टाकायचा, दोन तासांत दहाही जायला हवेत. दुसऱ्याच दिवशी सासूने ते बिरड्याच्या वालांत भिजत घातले. हिने शेंगदाणे घेतले आणि मोजता मोजता खाऊन टाकले. “त्याला लाथा मारायला ताकद नको?” असं वर मलाच विचारलं. मी पुन्हा वाल दिले आणि सासूला दम भरला.

एका दुपारी गेले तर प्रश्न आलाच नाही. ती वाटीकडे बघत होती.

“ताई, दोन तास झालं. तीनच.”

मी बीपी मोजलं. मशीनवरचा आकडा तिला दाखवायचा मला धीर झाला नाही.

“जीप बोलवा,” तीच म्हणाली. दवाखान्यात राहायचं नाव काढलं की भांडणारी बाई त्या दिवशी मुकाट्याने निघाली. कर्जत येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मी घाबरले होते आणि ते तिला कळत होतं.

कर्जतहून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सिझर झालं. मुलगा झाला, जेमतेम दीड किलोचा, आणि त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

ते पोर आता रसायनीला अंगणवाडीत जातं. नवरा तिथे कंपनीत आहे, म्हणून तीही तिकडेच असते. गावात क्वचित येते. पण मला ती आठवते ती त्या दवाखान्यातली. आठवड्याने मी भेटायला गेले तेव्हा नवरा नर्सच्या मागे लागला होता, बाळाला घरी कधी सोडणार म्हणून. ती दाराच्या काचेला कपाळ लावून आत बघत उभी होती.

“अवो, कशाला मागं लागता त्यांच्या?” ती मागे न वळताच म्हणाली. “राहू द्या त्याला आत. आपल्याला काय घाई नाय.”