वालाच्या शेंगांचा आरोपी

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे कुणाबद्दल लिहायला बसलं की आपण उगाच आगाऊपणा करतोय असं वाटतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण थोरल्या काकांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि पळसदरीपासून खोपोलीपर्यंत त्यांच्याइतका हौशी आरोपी झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

काकांवरचा गुन्हा वालाच्या शेंगांच्या चोरीचा. अकरा वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांनी पोपटी लावली, म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरून ते जाळात उपडं ठेवलं. शेंगा बांधापलीकडच्या धर्माभाऊंच्या होत्या. "वेल माज्या बांधावर आला, मग शेंग माजी," हे काकांचं म्हणणं. धर्माभाऊ रागाच्या भरात पोलिसांत गेले, आणि अर्धवट शिजलेल्या शेंगांसकट मडकं मुद्देमाल म्हणून जप्त झालं. त्या दिवसापासून दोघांनी गावात एकमेकांशी बोलणं टाकलं.

स्वतःचा निकाल लागेना, म्हणून काका दुसऱ्यांच्या निकालांवर दिवस काढू लागले. मी कॉलेजातून आलो की पेपर वाचायचा आणि त्यांनी पडवीत बसून भाष्य करायचं. लवकर सुनावणी हा आरोपीचा हक्क आहे, असं वरच्या कोर्टानं म्हटल्याचं वाचलं, तर म्हणाले, "बरोबर हाय. पन त्यांना आपल्या कर्जतच्या कोर्टाचा रस्ता कुनी दाखवला नाय वाटतं." नवीन कायद्यात चोरीच्या कलमाचा नंबर बदलला तेव्हा त्यांचं जेवणावरून मन उडालं. जुन्या खटल्याला जुनंच कलम राहतं, हे मी तीनदा समजावलं तेव्हा कुठे घास उतरला. "तीनशे एकोणऐंशी हाय आपलं. आता नव्या पोरांना मिळायचं नाय," असं ते आजोबांच्या पितळी तांब्याबद्दल बोलावं तसं सांगू लागले. नुसत्या आरोपावरून कुणाचं घर पाडता येणार नाही हा निकाल आला, नेमकी तेव्हाच काकूंनी कुजलेली पडवी उतरवायला माणसं बोलावली होती. काका पेपर घेऊन आडवे उभे राहिले. "आरोपीचं घर हाय हे. आदी नोटीस!"

"डोक्यात वासा पडंल ना, तीच नोटीस समजा," काकू म्हणाल्या. पडवी अजून उभी आहे.

तारखेचा दिवस मात्र सणाचा. काकांना गाडी चालवता येत नाही आणि धर्माभाऊंकडे स्कूटर. काका गावाच्या कमानीबाहेर उभे राहायचे, फिर्यादी न बोलता थांबायचा, आरोपी न बोलता मागे बसायचा. कमान मागे पडली की दोघांची तोंडं सुटायची, ती परत कमान दिसेपर्यंत. एकदा मी कॉलेजातून कोर्टाकडे गेलो, तर आवारातल्या झाडाखाली दोघं एकाच डब्यातली भाकरी खात होते.

"मिटवून टाकू रं," धर्माभाऊ म्हणत होते.

"मिटवलं तर लोक म्हनतील, चोरली होती म्हनून मिटवलं. मला कागद पायजे. मी चोर नाय असा."

"आनि कागद मिळाल्यावर?"

काकांनी भाकरीचा मोठा तुकडा धर्माभाऊंकडे सरकवला.

गेल्या महिन्यात निकालाची तारीख लागली आणि नेमके काका तापानं फणफणले. वकिलांनी गैरहजेरीचा अर्ज दिला. धर्माभाऊ एकटेच स्कूटरवर गेले. दुपारी मी काकांना पेज देत होतो, तेवढ्यात मागच्या बांधावरून हाक आली. गावात, अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

"सुटलास रं! पुरावा नाय म्हनाले. तू चोर नाय, कागदावर लिवलंय!"

काका पांघरूण सारून पडवीत आले. खांब धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हसतील.

"म्हंजे आता तारीख नाय?"

"नाय."

धर्माभाऊ तिथंच बांधावर उभे होते. पलीकडे येईनात, परतही जाईनात.

"धर्मा," काका हळूच म्हणाले, "तुला अपील करता येतं. मुदत हाय अजून."