काय येतं हिला?

अणदूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघी बसलो होतो, मी आणि माझी नात सोनी. सोनीचे पाय जन्मापासून लुळे, कुबड्यांवर चालते. तिला पुण्याला अपंगांच्या ट्रेनिंग सेंटरात घालायचं होतं आणि सोबतीला मी. सुनेला शेत आणि जनावरं सुटत नव्हती. धाकट्या जाऊबाई भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "अक्का, पोरगी शिकली आन् पगार बंद पडला म्हंजे?"

पगार म्हणजे सोनीला सरकारकडून मिळणारं निराधाराचं अनुदान. आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात. तिच्या दवाखान्याला, कुबड्यांना तोच आधार. पोरगी काही शिकली की तो जाणार, अशी सगळ्या भावकीची खात्री. म्हणून दरसाल तहसीलात जाताना मी तिला पढवायची, "सायबानं इचारलं तर म्हणायचं, मला काय येत न्हाय."

हा धडा माझ्या आईचा. येडशीहून नवरी होऊन निघाले तेव्हा तिनं कानात सांगितलं होतं, "येतंय म्हणू नगंस, समदं अंगावर पडंल." मी तर येडशी ते अणदूर सगळ्यांत शहाणी! सासूबाईंनी म्हशीची धार काढायला सांगितली तर म्हणाले, येत न्हाय. माहेरच्या गोठ्यात वाढलेली मी, शिंगं बघून भ्यायचं सोंगसुद्धा केलं. एक दिवस सासूबाई गावाला गेल्या, म्हैस हंबरायला लागली, मला राहवेना. चरवी भरून उठते तर दारात सासूबाई. एसटी चुकली म्हणून माघारी आलेल्या. म्हणाल्या, "न येता लई फेस आणलास की गं!" त्या दिवसापासून गोठा माझा.

एवढं होऊनही अक्कल आली नाही. पुण्याच्या सेंटरातल्या मॅडमनी सोनीला विचारलं, "तुला काय काय करता येतं?" सोनीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काय येत न्हाय बघा. नुसती बसून असती."

मॅडम म्हणाल्या, "मग मेणबत्तीच्या बॅचला घालूया. सोपं असतं."

सोनीचा चेहरा पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आज्जे, हे तहसील न्हाय." आणि सांगत सुटली. गल्लीतले बंद पडलेले मिक्सर मी खोलते, पंख्याची वायर मी जोडते, इस्त्रीची कॉइल मी बदलते. मी टेबलाखालून चिमटा काढला, तर म्हणाली, "चिमटे काढू नगंस."

"मग आजी असं का म्हणाल्या?"

"पगारासाठी. सवय हाय तिला."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. मॅडम मात्र हसल्या. शिकल्यानं अनुदान जात नाही, म्हणाल्या. कमाई सुरू होईल तेव्हा मिळकतीची अट बघावी लागेल, ते तहसीलात आधी विचारू, मग काम किती आणि कसं घ्यायचं ते ठरवू. इतक्या वर्षांत हे कुणाला विचारायचं असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता सोनी घरगुती उपकरणांच्या बॅचला आहे. पुण्यातल्या आमच्या एका खोलीत चुलीच्या वासाऐवजी सोल्डरिंगचा वास असतो. पूर्वी दुपारच्या वेळेला मी अंगणात ज्वारी पाखडायची. आता मोटारीत एवढी तांब्याची तार कशाला गुंडाळतात ते सोनीला विचारत बसते. ती वैतागते. मी पुन्हा विचारते. मिक्सर गुरगुरला की कार्बन झिजला का बेअरिंग गेलं, हे हल्ली मला अंथरुणातून कळतं. आणि सेंटरातली लिफ्ट! ती मजले सांगते. मी उगीच वर-खाली करून ऐकून आले.

परवा हयातीचा दाखला द्यायला गावाकडं गेलो. तहसीलात आमचा नंबर आला. साहेबांनी वर बघितलं. मी ओठ घट्ट मिटले. सोनीच म्हणाली, "साहेब, मी रिपेअरिंग शिकतीय. चालतंय न्हवं?"

"शिक की. कमाई लागली की सांग मात्र. आज हितं माणूस जित्तं हाय का, एवढंच बघायचंय."

म्हणजे काय येतं, हे तिथं कुणी विचारतच नव्हतं. एवढी वर्षं आम्हीच आपलं न विचारता सांगत होतो!

आमचा खंडोबा दरसाल अणदूर सोडून नळदुर्गाला राहायला जातो. न्यायच्या आधी दोन्ही गावची माणसं बसून तो कधी परतायचा याची बोली करतात. नवी नवरी असताना मला वाटायचं, देवाला एक घर पुरत नाही का? आता खोलीच्या खिडकीत बसून मी गावाकडचं आठवते आणि गावाकडच्या ओट्यावर बसलं की लिफ्ट आठवते. देवाचंही असंच होत असेल का, कुणाला विचारावं?

जाऊबाईंना म्हणाले, "देवाच्या परतीची बोली हुती. आमची कुणी केलीच न्हाय बघा."

त्यांनी ओट्याकडं बोट दाखवलं. गल्लीतल्या बायका रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर मिक्सर. "ह्या सक्काळपास्नं कशाला बसल्यात मग?"

सोनीनं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.