दिवाकरच्या जीपचं इंजिन

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच ठाण्यावर होती. हवालदार रामदास, व्हेईकल मेकॅनिक. ताब्यात नऊ गाड्या, एक तंबू आणि हत्यारांच्या दोन पेट्या. सैनिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. मी अठरा वर्षांत बंदुकीपेक्षा पाना जास्त वेळ हातात धरला.

पहाटे पाचला उठायचं. साडेपाचला सगळ्या गाड्या स्टार्ट करून पंधरा मिनिटं चालू ठेवायच्या, नंतर तेल-पाणी तपासायचं. रांगेतली तिसरी गाडी, तीन टनी ट्रक, नाईक दिवाकर मडावीची. तो गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याचा, मी चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्याचा. गावाकडे असतो तर आमची ओळखही झाली नसती. तिथे बाकी सगळे हिंदी बोलायचे आणि आम्ही दोघं आमची झाडीची बोली. ताटात दोन दिवस पोळीच आली की धानाच्या मुलखातल्या या गड्याचं तोंड उतरायचं. वायरलेसवर मेसेज संपला की तो हळूच एखादं वाक्य आपल्या बोलीत घुसवायचा आणि ऑपरेटरच्या शिव्या खायचा.

एका वर्षी आम्ही दोघांनी एकदमच सुट्टी काढली. दिवाकरनं एक जुनी डिझेल जीप घेतली होती. मुलचेऱ्यात त्याच्या अंगणात आम्ही तिचं इंजिन उतरवलं, खोललं आणि अकरा दिवसांत पुन्हा बांधलं. त्याची बायको शशिकला भात वाढताना म्हणायची, "सुट्टीवर आले का ड्युटीवर, भाऊ?" ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी होती.

पुढच्या हिवाळ्यात ठाण्यावरच्या ॲम्ब्युलन्सचं इंजिन गेलं. कोणीतरी कूलंटच्या जागी साधं पाणी भरलं होतं. रात्रीत ते गोठलं आणि ब्लॉकला वीतभर चीर गेली. सकाळी ०६१५ वाजता मी ती पाहिली. ०६४० ला कॅप्टन साहेब आले.

"रिपेअर की रिप्लेस?"

"रिप्लेस, सर."

"रिपेअर होणारच नाही?"

"होईल, सर. पण पेशंट आत असताना बंद पडली तर जबाबदार कोण?"

त्यांनी मान हलवली. आमचा नियम सोपा होता. चीर भरून गाडी तळापर्यंत ढकलता येते, तिच्यावर कोणाचा जीव टाकता येत नाही. बदली इंजिन बेचाळीस किलोमीटर खाली, बेसवर होतं. ते आणायला दिवाकर स्वतःहून पुढे आला. ०७३० ला तो निघाला. १३१० ला वायरलेसवर त्याचा आवाज आला. "लोड सेफ. मूव्हिंग नाऊ. ओव्हर." आणि मग हळूच, "निघून राह्यलो, भाऊ."

१४२० च्या सुमारास घाटात दरड कोसळली. ट्रक तिसऱ्या दिवशी सापडला.

आठवड्यानं दुसरं इंजिन आलं. मी ते आठ तासांत बसवलं. मला कोणी काही विचारलं नाही, बोल लावला नाही. माझा निर्णय चुकीचा नव्हता हे मलाही ठाऊक होतं. पण इंजिन बदला म्हणणारा मी आणि आणायला गेलेला तो, हे काही डोक्यातून जाईना. त्याचं सामान घेऊन मी मुलचेऱ्याला गेलो तेव्हा शशिकलावहिनीला एवढंच सांगितलं, की दिवाकर ड्युटीवर होता. तो काय आणायला गेला होता, हे सांगायला जीभ उचलली नाही.

याला आता बारा वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी मूल या गावी गॅरेज टाकलं. वहिनी स्वतः जीप शिकल्या आणि आतल्या गावांतल्या बायकांना बाजाराला, दवाखान्यात नेऊ लागल्या. जीपचं काम निघालं की ती माझ्याकडेच यायची. बॉनेट उघडलं की मला बरं वाटायचं. त्यातला एकेक नट दिवाकरनं किंवा मी आवळलेला होता.

गेल्या थंडीत ती जीप ट्रॅक्टरला बांधून आली. पाण्याचा पाइप फुटला होता आणि गाडीत तापानं फणफणलेली म्हातारी होती, म्हणून वहिनींनी तापमानाचा काटा लालवर गेला तरी थांबवली नाही. दवाखाना गाठला आणि तिथेच इंजिन जॅम झालं. मी खोललं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला होता. भोकातून माझी तीन बोटं आत गेली.

"भाऊ, वर्षाचे दिवस भरून राह्यले," वहिनी म्हणाल्या. वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी, सासर नाल्यापलीकडच्या गावात. "पहिलंच हाय. डॉक्टर म्हणे, पोट दुखलं का लगेच आना, उशीर नका करू. मले पंधरा दिवसांत गाडी पायजे. इंजिन बदलवून टाका, काही म्हनत नाई मी."

"बदलायची गरज नाई. होते दुरुस्त," मी म्हणालो.

फौजेत अशा इंजिनांना मी शेकड्यानं 'बाद'चे लाल टॅग बांधले होते. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत इंजिन बदलायला सांगितलं असतं. या ब्लॉकला मात्र मी पत्रा लावून वेल्डिंग करून घेतलं. क्रँक घासून आणला, नवे पिस्टन टाकले, स्लीव्ह बदलल्या. चंद्रपूरला जुन्या इंजिनांचा व्यापार करणारे करीमभाई माझे जुने स्नेही. फोनवर म्हणाले, "हवालदार साब, माजरीच्या खाणीवरून एक जीप आली हाय, इंजिन एकदम साफ. ओतीव बीडाचा ब्लॉक कुठी वेल्डिंगनं टिकते का? तुमीच त मले शिकवलं!" मी विषय बदलला. नऊ दिवस मी त्या कामात होतो, आणि खरं सांगायचं तर ते नऊ दिवस मला संपायला नको होते.

दहाव्या दिवशी दुपारी ट्रायल घेतली. वहिनी स्टिअरिंगवर, मी शेजारी. पहिले बारा किलोमीटर इंजिन असं चाललं, की मी कान लावून ऐकत बसलो. चौदाव्या किलोमीटरला, सागाच्या जंगलात, चढावर खट्ट झालं. खाली उतरून पाहिलं तर वेल्डिंग उकललं होतं आणि सगळं ऑईल रस्त्यावर होतं. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही दगडावर बसून कोणी येण्याची वाट पाहू लागलो.

वहिनी म्हणाल्या, "आज वर्षा गाडीत असती तं?"

मी बोटांवरचं ऑईल गवताला पुसलं.

"हे इंजिन दुसऱ्या कोनाचं असतं तं काय केलं असतं तुमी?"

"बदललं असतं."

"मंग माह्यं काऊन नाई बदलवत?"

तेव्हा मी सांगितलं. ॲम्ब्युलन्स, चीर, कॅप्टन साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. दिवाकर इंजिन आणायला गेला होता आणि ते मी मागवलं होतं. "हे एक त्यानं बांधलेलं राह्यलं, वहिनी. याले बी फेकून द्या म्हनू कसा?"

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, हे मले त्याच दिवशी मालूम होतं. बेसवरून फोन केलता ना त्यायनं. जेवून राह्यलो म्हने, भात भेटला आज. अन् म्हने, रामदासभाऊनं साहेबाले तोंडावर सांगितलं का इंजिन बदलाच लागते. तो नसता बोलला तं मीच बोललो असतो म्हने, त्या गाडीत आपलेच पोट्टे झोपतेत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमाले मालूम असन असंच वाटलं मले. तुमी कधी विषयच नाई काढला."

मी त्या दगडावर बसून रडलो. वहिनी उठल्या आणि रस्त्यावरच्या ऑईलवर माती टाकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं करीमभाईंकडे गेलो. इंजिन मी स्वतः तपासून घेतलं आणि दोन दिवसांत चढवलं. सहाव्या दिवशी वर्षाच्या पोटात दुखू लागलं. वहिनींनी तिला नाल्यापलीकडून थेट गडचिरोलीला नेलं, वाटेत कुठेही न थांबता. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

नाईक दिवाकर मडावी, ड्रायव्हर, राहणार मुलचेरा. गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी त्यानं पोटभर भात खाल्ला होता आणि तो माझ्यावर रागावलेला नव्हता. हे कळायला मला बारा वर्षं लागली, कारण मी विचारलंच नाही. आता मन हलकं झालंय असं लोकांना सांगतो आणि ते खरंही आहे. पण बारशाला सगळे जेवायला बसले तेव्हा मी शेजारच्या पाटावर कोणाला बसू दिलं नाही. दिवाकर मला अजून हवा आहे.