खिळेमास्तर आणि आभाळाची साक्ष

खिळेमास्तरांइतका चीड आणणारा माणूस मी पाहिलेला नाही. गुलमंडीजवळच्या छापखान्यात ते खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. गावोगावच्या मागण्या मांडणारं आमच्या मंडळाचं दर आठवड्याला एक पत्रक निघायचं, मजकूर मी लिहायचो, आणि दर पत्रकातली एक ओळ मास्तर अडवायचे. 'वाराही संतापला' असं लिहिलं की संपलं. "वाऱ्याला इचारलं व्हय?" म्हणायचे आणि उचललेले खिळे परत खान्यात टाकायचे.

मी मालकाकडे तक्रार केली. "इतकं बिनचूक जुळवणारा दुसरा आणा, आत्ता काढतो त्यांना," मालक म्हणाला. आणणार कुठून!

मग बिडकीनला माझी अक्का पटकीनं गेली. गावात डॉक्टर नव्हता. शहराकडे आणताना बैलगाडीतच संपली. तिसऱ्या दिवशी मी मजकूर घेऊन छापखान्यात हजर. वर 'बिडकीनला डॉक्टर द्या', आणि खाली, 'अक्का गेली तेव्हा आभाळ ढसाढसा रडले.'

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "त्या दिशी पाऊस होता?"

"नव्हता."

"मंग काय होतं?"

"ऊन होतं! बाभळीवर साळुंक्या भांडत होत्या. झालं समाधान?"

"तेच लिहा. 'डॉक्टर नव्हता' याला लई मोठा खिळा लावतो. त्याचा जाब द्यायला माणसं हायेत. आभाळाला कशाला आरोपी करता?"

"तुम्हाला काळीजच नाय, मास्तर!"

ते रागावले नाहीत, याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी फळीवरून सुतळीनं बांधून ठेवलेल्या खिळ्यांच्या दोन ओळी काढल्या, शाई लावली आणि रद्दी कागदावर उमटवल्या:

पाणी तुला विसरलं नाही, पोरी;
पाण्याला तू ठाऊकच नव्हतीस.

"माझी सुमी. हर्सूलच्या तलावात बुडाली," ते म्हणाले. "तीन वर्षं तलावाला शिव्या घातल्या. मंग ह्या दोन ओळी जुळल्या. तवापासून तिथं बसून भाकर खाता येती."

पत्रक साळुंक्यांसकट निघालं. ते वाचून आमची आई पहिल्यांदा मोकळी रडली. मास्तरांना मी हे कधी सांगितलं नाही. उगाच शेफारले असते.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. निधनाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'सृष्टी हळहळली' असं लिहून मोकळा झालो असतो. अडवणारा आता नव्हता. पण सकाळी हर्सूलला गेलो. बगळे उतरले, मासे टिपले, उडून गेले. तेवढंच लिहिलं.

सोबत भाकर नेली होती. खाता आली नाही. तुम्हाला तीन वर्षं लागली, मास्तर. मला लवकर जमेल असं समजू नका.